माप कोणाच्या हाती?

मंडळाच्या स्मरणिकेसाठी आपल्या भागाच्या इतिहासावर काही लिहावे, अशी आज्ञा चिटणीसांकडून झाली. ज्ञातीच्या उत्पत्तीची मुंगी-पैठणची कथा, कुलदैवते आणि कुळी हे विषय आपल्या वाचकांच्या परिचयाचे आहेत. त्यांचा आदर राखून यंदा आम्ही निराळा विषय हाती घेतला आहे. आपल्या पूर्वजांनी पेण आणि रोहे या तालुक्यांत कोणते काम केले, त्या कामाचे त्यांना काय मिळाले, आणि जे मिळाले ते तेवढेच का मिळाले, हा तो विषय होय. घराण्याच्या इतिहासात लढाया आणि सनदा यांना मान असतो. पण कष्टकऱ्याच्या घराण्याचा खरा इतिहास त्याच्या कणगीत आणि सावकाराच्या वहीत असतो.

एकाच पावसात भिजणाऱ्या आणि एकाच चिखलात उतरणाऱ्या दोन माणसांपैकी एकाची कणगी भरते आणि दुसऱ्याच्या घरी शिमगा सरताच चूल एक वेळ पेटते. आमचे वाडवडील याला दैव म्हणत. आम्ही तीस-पस्तीस वर्षे शाळेत गणित आणि इतिहास हे दोन्ही विषय शिकविले. त्या दोहोंच्या आधारे आमचे मत असे झाले आहे की, यात दैवाचा वाटा थोडा आणि माणसाने केलेल्या व्यवस्थेचा वाटा फार मोठा आहे. माप कोणाच्या हाती आहे, वही कोण लिहितो, आणि कोणत्या कामाचे दार कोणास उघडे आहे, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर माणसाची कमाई ठरते. पुढील विवेचन या तीन प्रश्नांना धरून केले आहे.

खारी जमीन आणि गोडे पीक

पेणच्या पश्चिमेस धरमतरच्या खाडीकडे जो सखल प्रदेश पसरला आहे, त्याला आपण खारेपाट म्हणतो. रोहे तालुक्यात कुंडलिकेच्या खाडीकाठी आणि नागोठण्याच्या बाजूस अंबा नदीच्या काठीही अशीच जमीन आहे. ही जमीन निसर्गाने जशीच्या तशी दिलेली नाही. समुद्राच्या भरतीखाली जाणाऱ्या खाजणाला मातीचे बांध घालून, उघाड्या बसवून, पावसाच्या गोड्या पाण्याने वर्षानुवर्षे खार धुऊन काढून ती पिकाखाली आणलेली आहे. एका उधाणाला बांधास खांड पडली, तर खारे पाणी आत शिरे आणि पुढची काही वर्षे भाताचे पीक हातचे जाई. म्हणून रात्री-अपरात्री सारा गाव पेंढा, माती आणि पाट्या घेऊन बांधावर धावत असे. आपल्या समाजाचे नावच मुळी आगरावरून पडलेले आहे. आगर म्हणजे मिठाचे शेत. भात आणि मीठ ही दोन्ही पिके आपल्या लोकांनी समुद्राशी झुंज देऊन काढली.

या श्रमाचा मोबदला कसा वाटला जाई, हे पाहण्यासारखे आहे. पेणच्या बाजूस शिलोत्री नावाची एक जुनी पद्धत होती. बांध घालण्याची आणि राखण्याची जबाबदारी ज्याच्याकडे, त्याने त्या निमित्ताने शेत कसणाऱ्याकडून सरकारी साऱ्याव्यतिरिक्त भात घ्यावयाचे. तत्त्व म्हणून यात वावगे काही नाही. बांध राखणाऱ्यास त्याचे मोल मिळालेच पाहिजे. परंतु बांधाच्या नावाने भात एकाने घ्यावे आणि खांड पडली की चिखलात मात्र दुसऱ्याने उतरावे, असे जेव्हा होते, तेव्हा तत्त्वाचे टरफल तेवढे उरते. पुढे मुंबई सरकारने १९४८ साली खारजमिनींविषयी स्वतंत्र कायदा करून त्यांच्या विकासासाठी मंडळ स्थापिले. बांध हे सार्वजनिक काम आहे हे राज्याने मान्य केले, ते एवढ्या विलंबाने.

मिठाची कथा याहून बोलकी आहे. १८८८ साली इंग्रज सरकारने मिठावरील कर मणामागे अडीच रुपये केला. मीठ पिकविण्याचा खर्च त्या मानाने काही आण्यांचाच होता. चैत्र-वैशाखाच्या उन्हात, खाऱ्या पाण्यात पाय ठेवून, फळीने मीठ ओढणाऱ्या आगऱ्याच्या हाती त्या काही आण्यांतलाही एक भागच येई. जिन्नस निर्माण करणाऱ्याच्या मजुरीपेक्षा त्या जिनसावरचा कर कित्येक पटींनी अधिक होता. १९३० साली महात्माजींनी मिठाचाच प्रश्न का उचलला, हे शहरातील पुष्कळांना प्रथम उमगले नाही. खारेपाटातील माणसाला ते समजावून सांगण्याची गरज पडली नाही.

खोताचे खळे

आता मापाकडे वळू. कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे १९८१ पासून ज्याला आपण रायगड म्हणतो त्या जिल्ह्यात, पुष्कळ गावांवर खोती होती. खोत हा मुळात सरकार आणि रयत यांच्यामधला वसुली करणारा अधिकारी. गावचा सारा त्याने सरकारात भरावा आणि रयतेकडून गोळा करावा, एवढेच त्याचे काम. पण कालांतराने वसुलीचा हक्क आणि जमिनीवरील सत्ता यांतील सीमारेषा पुसली गेली. सरकारात रोख सारा भरून कुळाकडून धान्यरूपाने कितीतरी अधिक घेण्याची सोय खोतास झाली आणि पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसणारा माणूस आपल्याच शेतात उपरा ठरला.

कुळाकडून कबुलायत लिहून घेतली जाई. ती थोड्या मुदतीची असल्याने कुळाचा हक्क कधी मुरतच नसे. खंड ठरे तो खंडीत. वीस मणांची खंडी हे कोष्टक आम्ही मुलांकडून घोकून घेत असू. परंतु ते कोष्टक पुस्तकात खरे, खळ्यावर नव्हे. वडीलधारी माणसे सांगत की, घेण्याची पायली आणि देण्याची पायली एक नसे. घेताना रास शिगोशीग भरे आणि खावटीचे भात देताना पायलीवरून हात फिरे. बाकी राहिली तर पुढील वर्षी ती दिढीने, म्हणजे दीडपट, फेडावी लागे. भाताशिवाय वेठ होती ती निराळीच. खोताच्या घरचे लग्न असो की घराची शाकारणी असो, कुळाने विनामोबदला राबावे, ही रूढी होती. कुळाच्या बायकामुलांचे श्रमही त्याच खंडात धरलेले असत. त्यांची मजुरी कोणत्याच वहीत लिहिली जात नसे.

येथे एक गोष्ट न्यायबुद्धीने सांगितली पाहिजे. सर्वच खोत सारखे नव्हते. दुष्काळात खंड सोडणारे, कुळाच्या मुलाला शाळेत घालणारे खोतही होऊन गेले. पण चांगला खोत मिळणे हे कुळाचे नशीब आणि वाईट मिळणे हेही नशीबच, अशी ज्या व्यवस्थेची स्थिती, ती व्यवस्थाच सदोष म्हणावयास हवी. एकाच्या चांगुलपणावर दुसऱ्याची भाकरी अवलंबून असणे, याहून मोठी विषमता कोणती?

पेणची परिषद आणि चरीचा संप

हे माप बदलावे म्हणून जी चळवळ झाली, तिचा आरंभ आपल्या पेणशी निगडित आहे, ही अभिमानाची गोष्ट होय. १९३० सालच्या डिसेंबर महिन्यात पेण येथे कुलाबा जिल्हा शेतकरी परिषद भरली. नारायण नागू पाटील आणि भाई अनंत चित्रे हे तिचे प्रमुख संयोजक होते. कुळाला जमिनीची मालकी मिळावी, व्याजाचे दर उतरावेत, खोतांचे बेकायदा हक्क बंद व्हावेत, अशा मागण्या तेथे पुढे आल्या. पेण, रोहे, माणगाव या बाजूंस सभा होऊ लागल्या आणि मान खाली घालून खळ्यावर उभा राहणारा शेतकरी प्रथमच हिशेब विचारू लागला.

पुढे २७ ऑक्टोबर १९३३ रोजी अलिबाग तालुक्यातील चरी या गावी संपाचा निर्णय झाला. खोताची जमीन कसावयाचीच नाही, असा हा संप होता. चरी-कोपरच्या परिसरातील पंचवीस गावे त्यात उतरली आणि १९३९ पर्यंत, म्हणजे सुमारे सहा वर्षे, टिकून राहिली. गिरणी कामगाराचा संप म्हणजे यंत्र बंद ठेवणे. शेतकऱ्याचा संप म्हणजे स्वतःच्या हाताने घातलेल्या बांधातील जमीन डोळ्यांदेखत ओसाड होऊ देणे. पोटासाठी लोकांनी लाकूडफाटा विकला, खाडीत मासे धरले, मिळेल तेथे मजुरी केली; स्त्रियांनी डोक्यावर मोळ्या वाहून संसार चालविले. संपात भरडलेल्यांत आपल्या आगरी समाजाची कुटुंबे बहुसंख्य होती, त्यांच्याबरोबर इतर कुणबी-मराठा कुळेही होती.

१९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरी येथील शेतकरी परिषदेस आले. १९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापिला आणि १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातील हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईस कायदेमंडळावर गेला. नारायण नागू पाटलांनी १९३७ साली ‘कृषीवल’ हे पत्र सुरू केले. त्यायोगे ज्यांच्याविषयी आजवर दुसरेच लिहीत, त्यांचे म्हणणे त्यांच्याच भाषेत छापले जाऊ लागले.

भाई अनंत चित्रे आणि त्यांचे सहकारी सुरेंद्रनाथ टिपणीस हे दोघेही कायस्थ प्रभू समाजातील होते. तरी १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहात ते अग्रभागी उभे राहिले आणि तेच पुढे कुळांच्या लढ्यातही दिसले. तळ्याचे पाणी आणि खळ्याचे माप हे दोन प्रश्न वरवर निराळे. पण माणसाला जन्मावरून कमी लेखण्याची वृत्ती दोन्हींच्या मुळाशी एकच आहे, हे त्यांनी ओळखले होते. आपल्या जातीचा लाभ होत असता अन्यायास अन्याय म्हणणे ही मोठी कठीण गोष्ट आहे. हे त्यांचे उदाहरण वाचकांनी ध्यानी ठेवावे. त्याचे प्रयोजन पुढे येईल.

संपाचे फळ १९३९ च्या कूळ कायद्याने मिळू लागले. ‘संरक्षित कूळ’ हा शब्द प्रथमच कायद्यात आला. १९४८ साली अधिक व्यापक कूळ कायदा झाला, १९४९ च्या कायद्याने खोती गेली, आणि १ एप्रिल १९५७ या कृषिदिनी कसणारे कूळ जमिनीचे मालक मानले गेले. जमिनीची किंमत साऱ्याच्या २० पटींपासून २०० पटींपर्यंत ठरवून ती हप्त्यांनी फेडावयाची होती. आपल्यापैकी बहुतेक घरांतील सातबाऱ्याचा उगम येथे आहे.

मुंबईचे दार

शेतीवर भागेना म्हणून आपल्या भागातील पुष्कळ माणसे धरमतरच्या बंदरातून मुंबईस गेली. तेथे मजुरी रोख मिळे, खोत नव्हता, माप यंत्राचे होते. मग तेथे सर्वांना सारखी संधी होती काय? या प्रश्नाचे उत्तर देताना थोडे थांबले पाहिजे.

कापडगिरणीत सर्वांत बऱ्या मजुरीचे काम विणकाम खात्यातले. त्या खात्याचे दार अस्पृश्य मानलेल्या कामगारांस बंद होते. कारण असे सांगत की, धोट्यातील कांडी बदलताना सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि ‘त्यांच्या’ तोंडाचा धोटा इतरांना चालत नसे. त्यामुळे महार बंधूंना सूतकताईच्या आणि इतर कमी मजुरीच्या खात्यांतच राहावे लागे. १९२८ च्या मोठ्या गिरणी संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर रोखठोक मांडला. मालकाने मजुरी कापली तर अन्याय, मग कामगाराने कामगाराचे दार अडविले तर ते काय? यंत्राला जात नव्हती. परंतु यंत्राजवळ उभे राहण्याच्या जागेला जात होती. विणकाम खात्यात कोकणातील स्पृश्य शेतकरी समाजांचे लोक होते, हेही येथे नमूद केले पाहिजे. खळ्यावर जो भरडला गेला, तोच गिरणीत दुसऱ्याच्या वाटेत उभा राहिला. विषमता ही उतरंड आहे. तीत प्रत्येक मडक्यावर दुसरे मडके असते, आणि तळाशी कोण आहे याकडे वरचा पाहत नाही.

वही आणि अक्षर

आता वहीचा प्रश्न. रोह्याशी ज्यांच्या घराण्याचा निकट संबंध, ते चिंतामणराव देशमुख १९१२ सालच्या मॅट्रिकच्या परीक्षेत पहिले आले. पुढे ते आय. सी. एस. झाले, १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि स्वतंत्र भारताचे अर्थमंत्रीही झाले. पेण तालुक्यातील गागोदे या गावी १८९५ साली आचार्य विनोबा भावे जन्मले आणि १९५१ साली त्यांनी भूदानाची गंगा वाहती केली. या दोन थोर पुरुषांचा अभिमान सर्वांनाच आहे. त्यांची बुद्धी आणि तप यांविषयी आदर ठेवूनच आम्ही विचारतो की, १९१२ साली आपल्या खारेपाटातील बुद्धिमान मूल काय करीत होते? ते गुरे राखीत होते, किंवा खोताच्या वाड्यात भात सडीत होते. बुद्धी जातीजातींत वाटलेली नसते. पाटी मात्र वाटलेली होती.

ही वाटणी मोडावयास राज्याला कायदे करावे लागले. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी कोल्हापूर संस्थानात मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या. मुंबई इलाख्यात १९२३ साली प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला आणि १९३० साली स्टार्ट समितीने मागासवर्गांचा अहवाल दिला. संयुक्त महाराष्ट्राच्या उंबरठ्यावर, यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, कमी उत्पन्नाच्या कुटुंबांतील मुलांस फी-माफी मिळाली. उत्पन्नाच्या त्या मर्यादेत आपल्याकडची बहुतेक घरे सहज बसत होती. १९६७ साली राज्यात इतर मागासवर्गांची यादी झाली, पुढे मंडल आयोगाच्या शिफारशीनुसार केंद्रातही २७ टक्के जागा आल्या आणि १९९२ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांस मान्यता दिली. आज आपल्या घरांत शिक्षक, तलाठी, परिचारिका, अभियंते आहेत. त्यांनी कष्ट केले हे खरेच. पण कष्ट तर त्यांच्या आजोबांनी याहून अधिक केले होते. आजोबांसाठी दार बंद होते आणि नातवासाठी ते उघडले, एवढाच फरक. सवलतींना भीक म्हणणाऱ्यांस आपल्या तरुणांनी हे उत्तर नम्रपणे द्यावे, आणि आपणही इतरांच्या सवलतींस भीक म्हणू नये.

कारखाने आले

रोह्याजवळ धाटाव येथे औद्योगिक वसाहत झाली. नागोठण्यास पेट्रोरसायनांचा प्रकल्प आला. पेण तालुक्यात डोलवी येथे पोलादाचा कारखाना उभा राहिला. भाताच्या जमिनीच्या जागी धुराडी आली आणि जमिनीच्या बदल्यात नोकरी हा नवा खंड ठरू लागला. शेजारच्या उरण-पनवेल भागात जमिनींच्या मोबदल्यासाठी १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जो लढा झाला, त्यात गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले. पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व सरकारला मान्य करावे लागले. पेण परिसरात २००६ च्या सुमारास विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमिनी घेण्याचे ठरले, तेव्हा हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत सप्टेंबर २००८ मध्ये सरकारने शेतकऱ्यांचे मत घेतले. शेतकऱ्याला विचारून जमिनीचा निर्णय करण्याचा असा प्रसंग देशात विरळाच. तो प्रकल्प पुढे बारगळला.

कारखान्यात माप आणि वही यांची रूपे बदलतात, प्रश्न तेच राहतात. एकाच फाटकातून आत जाणाऱ्या, एकच काम करणाऱ्या दोन कामगारांपैकी एक कायम आणि दुसरा कंत्राटी असतो. कायम कामगाराला रजा, भविष्यनिर्वाह निधी, वाढ; कंत्राटी कामगाराला रोजंदारी आणि ठेकेदाराची मर्जी. १९७० साली कंत्राटी कामगारांविषयीचा कायदा झाला खरा, परंतु ज्याच्या हाती नेमणुकीचा कागद नाही त्याला कायदा लवकर सापडत नाही. खोताच्या मुदतीच्या कबुलायतीची आठवण ज्यांना आहे, त्यांना महिन्या-महिन्याने नवा होणारा हा करार ओळखीचा वाटेल.

आता माप आपल्या हाती

येथवर आपल्यावर काय बीतले ते सांगितले. इतिहास येथेच संपविला तर तो गोड वाटेल, पण पूर्ण होणार नाही. १ एप्रिल १९५७ रोजी जमीन मिळाली ती ज्याचे नाव वहीत कूळ म्हणून लागले होते त्याला. त्याच शेतात राबणाऱ्या दोन माणसांची नावे कोणत्याही वहीत नव्हती. एक आपल्या घरातील स्त्री आणि दुसरा डोंगरातला कातकरी.

भाताच्या शेतीत लावणी, बेणणी, कापणी ही कंबर वाकवून करावयाची कामे मुख्यतः स्त्रिया करतात. पुरुषाच्या आणि स्त्रीच्या रोजात आपल्या गावांतून आजवर अंतर राहात आले आहे. विचारले तर उत्तर मिळते, ‘नांगराचे काम अवघड.’ अवघडपणाचे हे माप कोणी ठरविले? दिवसभर चिखलात वाकून आवण लावण्यापेक्षा पॉवर टिलर धरणे जड आहे, असे ज्याने म्हणावयाचे त्याने एक दिवस लावणी करून पाहावी. राज्यघटनेने समान कामास समान वेतन हे तत्त्व सांगितले, १९७६ साली त्याचा कायदा झाला. महाराष्ट्रात १९९४ साली आणि देशभर २००५ साली मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क मिळाला. तरीही बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेणे हा आपल्याकडे भाऊबीजेइतका रूढ प्रकार आहे. खोताने कबुलायतीवर घेतलेला अंगठा आणि भावाने घेतलेली ही सही यांत अंतर किती, हे प्रत्येकाने आपल्या मनाशी ठरवावे.

कातकऱ्यांची कहाणी याहून कठोर आहे. काथ करणारे म्हणून काथोडी किंवा कातकरी. जंगल सरकारी झाले, काथाचा धंदा गेला, आणि हे लोक कोळशाच्या व विटांच्या भट्ट्यांवर आले. पेण, रोहे, सुधागड या तालुक्यांत त्यांच्या वाड्या आहेत. कित्येक वाड्यांखालची जमीन दुसऱ्याच्या नावावर आहे. पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा भट्टीमालक उचल देतो आणि दिवाळीनंतर सारे कुटुंब भट्टीवर जाते. आमच्या शाळेच्या हजेरीपटात कातकरी मुलांच्या नावांपुढे दिवाळीपर्यंत हजेरीच्या खुणा असत आणि पुढे पावसाळ्यापर्यंत रिकाम्या चौकटी. त्या चौकटींतच पुढच्या पिढीची मजुरी ठरत होती.

एकदा एक कातकरी पालक चुरगळलेला कागद घेऊन आम्हांकडे आला. “गुरुजी, येवढा वाचून दावा,” एवढेच तो म्हणाला. भट्टीवरील सहा महिन्यांचा तो हिशेब होता. उचल, बाजारासाठी दिलेले पैसे, औषधाचे पैसे, पडलेल्या विटांची वजावट. आणि दुसऱ्या बाजूस पाडलेल्या विटांची मजुरी. बेरीज-वजाबाकीत चूक नव्हती. नवराबायको आणि दोन मुले सहा महिने राबून शेवटी त्यांच्याच अंगावर बाकी निघत होती. चार माणसांच्या श्रमांपुढे नाव मात्र एकाचेच होते. तो मालक कोणी परका सावकार नव्हता. आपल्याच ज्ञातीतील, गावच्या उत्सवात सढळ हाताने वर्गणी देणारा गृहस्थ होता. आम्ही त्याची भेट घेतली. त्याने आम्हांस आदराने बसविले आणि म्हणाला, “मास्तर, हिशेबात एक पैसा इकडचा तिकडे नाही.” ते खरेही होते. त्याच्या आजाच्या वेळचा खोतही हेच म्हणत असला पाहिजे.

१९७६ साली वेठबिगारी नष्ट करण्याचा कायदा झाला. उचलीच्या बदल्यात माणसाला कामाला बांधून ठेवणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. पण ही गोष्ट केवळ कायद्याच्या भीतीने सुटावी, हे आपल्या समाजास भूषणावह नाही. ज्या समाजाच्या आज्या-पणज्यांनी सहा वर्षे मोळ्या विकून माप बदलून घेतले, त्या समाजाच्या हाती आज माप आले आहे. चित्रे-टिपणीसांचे जे उदाहरण वर दिले, ते येथे उपयोगी पडावे. आपल्या जातीचा लाभ होत असता अन्याय ओळखणे, हीच शिक्षणाची परीक्षा होय. ती पदवीच्या परीक्षेहून कठीण आहे.

मंडळापुढे काही सूचना

उपदेश पुष्कळ झाला. आता कृतीविषयी थोडे. मंडळाच्या सभासद कुटुंबांनी आपल्या शेतावर, भट्टीवर, दुकानात वा ठेक्यावर काम करणाऱ्या स्त्रीला आणि पुरुषाला सारख्या कामाचा सारखा रोज द्यावा, असा ठराव वार्षिक सभेने करावा. मजुराचा हिशेब दर आठवड्यास त्याला वाचून दाखवावा आणि त्याची एक प्रत त्याच्याजवळ राहावी. त्यात बायकोचे नाव निराळे लिहावे. भट्ट्या चालविणाऱ्या सभासदांनी कामावरील मुलांस जवळच्या शाळेत धाडण्याची जबाबदारी घ्यावी. मंडळातर्फे गुणवंतांस जी पारितोषिके दिली जातात, त्यांबरोबर कातकरी वाडीतील दहावी उत्तीर्ण होणाऱ्या मुलामुलींस एक पारितोषिक ठेवावे. यांस खर्च फारसा नाही. लागेल ते थोडे मन मोठे करणे. या सूचना कोणास कडू वाटतील, याची आम्हांस जाणीव आहे. औषध देणाऱ्याने चवीची क्षमा मागू नये, असे आमचे जुने हेडमास्तर म्हणत.

आपल्या तरुण वाचकांना एवढेच सांगावयाचे आहे की, घरातील जुन्या पेटीत कबुलायती, खंडाच्या पावत्या, कूळ म्हणून नाव लागल्याचे उतारे असतील, तर ते रद्दीत घालू नका. आजी-आजोबा आहेत तोवर खळ्याच्या, संपाच्या आणि उधाणाच्या हकिकती लिहून घ्या. आपला इतिहास दुसऱ्यांनी लिहिला तर त्यात आपले नाव ‘कूळ’ एवढेच येते. तो आपण लिहावा. आणि लिहिताना आपल्या शेतात, आपल्या भट्टीवर राबणाऱ्यांची नावेही त्यात यावीत. समुद्राला बांध घालून जमीन मिळविणारा हा समाज आहे. विषमतेच्या उधाणालाही त्याने बांध घालावा आणि त्या बांधाच्या आत सर्वांना घ्यावे, एवढी इच्छा व्यक्त करून आम्ही वाचकांची रजा घेतो.